धुराचे खाते : सौंसर-मोहगावच्या मुलुखातून

देवगडचे गोंड राजे, नागपूरकर भोसले, १८५४ साली खालसा झालेले राज्य, १८६१ चा मध्यप्रांत आणि १ नोव्हेंबर १९५६ ची राज्यपुनर्रचना, अशा टप्प्यांनी आपल्या मुलुखाचा इतिहास सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. मोहगाव, सौंसर, लोधीखेडा, पांढुर्णा येथील जुन्या मराठी घराण्यांच्या आठवणीही याच खुणांभोवती गुंफलेल्या असतात. प्रस्तुत लेखात त्याच मुलुखाकडे निराळ्या बाजूने पाहण्याचा विचार आहे. गेली तीस-पस्तीस वर्षे श्रीमंत आणि गरीब राष्ट्रांमध्ये हवेत सोडल्या जाणाऱ्या हरितगृह वायूंवरून जो वाद चालू आहे, त्यात सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी वसलेल्या या गावांचे खाते कसे निघते, हा आपला प्रश्न.

वाद समजून घेण्यासाठी एक गोष्ट आरंभीच ध्यानात घेतली पाहिजे. कोळसा, तेल किंवा लाकूड जाळल्याने निघणारा कार्बन डायऑक्साइड चार दिवसांत विरून जात नाही. त्यातील बराच भाग शतकानुशतके हवेत राहतो. त्यामुळे या वर्षी कोणी किती धूर सोडला एवढे पाहून भागत नाही. आजोबा-पणजोबांच्या काळात कोणी किती सोडला हेही पाहावे लागते. हवेच्या वहीत जुनी बाकी सहसा निर्लेखित होत नाही. म्हणूनच हा विषय शास्त्रज्ञांचा जितका आहे, तितकाच इतिहासाच्या अभ्यासकांचाही आहे.

आपल्या पायाखालची जमीनच या विषयाशी जुळलेली आहे, हा एक योगायोग. सौंसर-पांढुर्ण्याची काळी माती ज्या खडकापासून झाली, तो दख्खनचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्या उद्रेकांबरोबर प्रचंड प्रमाणात कार्बन डायऑक्साइड हवेत गेला आणि पृथ्वीचे हवामान ढवळून निघाले, असे भूशास्त्रज्ञ मानतात. दोन उद्रेकांमधील शांत काळात जी तळी आणि जी झाडी निर्माण झाली, त्यांचे दगड झालेले अवशेष छिंदवाड्याजवळच्या मोहगाव कलाँ येथे सापडतात. हे मोहगाव आपले नव्हे. घाटावरचे, केवळ नावाचे भावंड. बिरबल साहनी आणि के. पी. रोडे यांनी १९३० च्या दशकात तेथील जीवाश्मांवर लिहिले. आज बंगालच्या सुंदरबनात खाऱ्या पाण्याच्या काठी वाढणाऱ्या निपा नावाच्या ताडाचे फळ तेथे दगडात मिळाले. समुद्रापासून शेकडो कोस दूर, सातपुड्याच्या माथ्यावर! हवामान बदलते, ही गोष्ट आपल्या भागाला नवी नाही. नवी आहे ती बदलाची गती आणि बदल घडविणारा हात.

हा हात प्रथम इंग्लंडात दिसू लागला. वाफेचे यंत्र, लँकेशायरच्या गिरण्या आणि कोळसा ही कथा सर्वपरिचित आहे. तिच्याशी सौंसर तहसिलीचे नाते जुळले ते कापसामुळे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि मँचेस्टरच्या चात्यांना कापूस मिळेना. तेव्हा इंग्रजांची दृष्टी वऱ्हाड-नागपूरकडे वळली. भाव कधी नव्हे इतके चढले, आणि १८६५ साली युद्ध संपताच कोसळले. त्या चढउतारात कोण तरले आणि कोण सावकाराच्या वहीत अडकले, याच्या कथा या भागातील पुष्कळ घरांत असतील. सरकारने कापसासाठी स्वतंत्र आयुक्त नेमला. हॅरी रिव्हेट-कार्नाक हे त्या पदावरील अधिकारी. १८६७ साली मुंबईहून निघालेली आगगाडी नागपूरला पोचली. हिंगणघाटच्या ‘बनी’ची कीर्ती मोठी असली, तरी छिंदवाडा जिल्ह्यात कापसाची खरी तहसील आपलीच होती.

येथे धुराच्या हिशेबातील पहिली गोम लक्षात येते. आजची आंतरराष्ट्रीय पद्धत अशी की ज्या देशाच्या हद्दीत इंधन जळते, त्या देशाच्या नावे तो धूर लिहावयाचा. या नियमाने मँचेस्टरच्या धुराड्यातून निघालेला धूर ब्रिटनच्या खात्यावर पडतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच नियमाने ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या इंजिनांनी भारतात जाळलेला कोळसा भारताच्या नावे लिहिला जातो. त्या कंपनीचे भागधारक बहुतांशी इंग्लंडात होते. त्यांना सरकारने पाच टक्के व्याजाची हमी दिली होती, आणि ती हमी येथल्या रयतेच्या महसुलातून भागविली जाई. व्याज लंडनला गेले, कापूस लिव्हरपूलला गेला, धूर मात्र आपल्या नावावर राहिला.

१ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची द्वाही दिल्लीत फिरली, त्याच दिवशी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. तिचा धूर निःसंशय आपला. एतद्देशीय भांडवल, एतद्देशीय कामगार आणि पंचक्रोशीतला कापूस. तिचा अभिमान बाळगावयाचा तर तिचा धूरही आपल्याच वहीत लिहिला पाहिजे, हे ओघाने आले.

कापसानंतर मँगनीज. सौंसर तहसिलीच्या नावाने ओळखली जाणारी खडकांची एक श्रेणी भूशास्त्रात प्रसिद्ध आहे. आपल्यापैकी थोड्यांनाच हे ठाऊक असेल, पण जगातील कोणत्याही भूशास्त्र विभागात ‘सौंसर’ हा शब्द उच्चारला, तर तो ओळखीचा निघेल. एल. एल. फर्मर यांनी १९०९ साली भारतातील मँगनीजवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात छिंदवाडा जिल्ह्यातील काचीढाना, सीतापार यांसारख्या खाणींची वर्णने आहेत. पोलाद करताना मँगनीज लागतेच, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्याचे मोठे पुरवठादार होते रशिया आणि भारत. मध्यप्रांतातील टेकड्या फोडून निघालेली ही काळी खनिजमाती युरोप-अमेरिकेच्या पोलाद भट्ट्यांत गेली. त्या भट्ट्यांच्या धुराने जे उभे राहिले त्याला आज आपण ‘विकसित देश’ म्हणतो. टेकडीच्या जागी आपल्याकडे खड्डे राहिले.

आता जंगलाकडे वळू. झाड तोडले की त्याने साठविलेला कार्बन आज ना उद्या हवेत परततो. म्हणून जंगलतोड हीसुद्धा धुराच्या खात्यात धरावी लागते. १८६० च्या दशकात रेल्वेचे रूळ जसजसे पुढे सरकू लागले, तसतशी स्लीपरांसाठी सातपुड्यातील सागवानावर धाड पडली. कॅप्टन जेम्स फॉर्सिथ या वनाधिकाऱ्याचे मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ प्रदेशावरील पुस्तक १८७१ साली निघाले. ठेकेदारांनी केलेल्या बेसुमार तोडीबद्दलची त्याची हळहळ त्यात स्पष्ट दिसते. होशंगाबादकडील बोरीचे जंगल १८६५ साली राखीव झाले ते या पार्श्वभूमीवर. मात्र राखीव जंगलाने गोंड-कोरकूंच्या दाह्याच्या शेतीवर बंदी आली. ज्यांनी सर्वांत कमी जाळले त्यांच्यावर पहिला निर्बंध बसला, आणि ज्यांनी रूळ टाकले ते जंगलाचे रखवालदार झाले. पुढे शंभर-सव्वाशे वर्षांनी जागतिक परिषदांमधून जे दृश्य दिसले, त्याची ही जणू रंगीत तालीम होती.

येथे आपल्या घराण्यांचाही विषय निघतो, आणि तो टाळणे बरे नव्हे. १८६० च्या बंदोबस्तात मालगुजारांना गावांचे मालकी हक्क मिळाले आणि गावाबरोबर गावचे जंगलही आले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली. ती जाणार हे दिसू लागल्यावर मध्यप्रांतात अनेक मालगुजारी जंगलांवर घाईघाईने कुऱ्हाड चालली, हे त्या काळच्या वनखात्याच्या इतिहासात नमूद आहे. या तोडीला साहेबाचा हात नव्हता. त्यात आपला वाटा किती, हे ज्याने त्याने आपल्या घरच्या दप्तरात पाहावे.

कोळसा मात्र मोहगावच्या जमिनीत नाही. तो घाटावर, पेंच आणि कन्हान यांच्या खोऱ्यांत, परासिया-जुन्नारदेवच्या बाजूस. मध्यप्रांतात मोहपाणीची खाण १८६२ पासून आणि वरोऱ्याची १८७१ पासून चालू होती. पेंचचा कोळसा ठाऊक असूनही पडून होता, कारण तो वाहून नेण्यास रेल्वे नव्हती. बंगाल-नागपूर रेल्वेचा अरुंद मार्ग छिंदवाड्याला पोचला तो विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, आणि त्याच सुमारास पेंच खोऱ्यातील खाणकाम सुरू झाले. शॉ वॉलेस या व्यवस्थापक कंपनीच्या हाती पेंच व्हॅली कोल कंपनी होती. १९१३ साली तीच अडीच फुटी वाट सिल्लेवानीचा घाट उतरून रामाकोना, सौंसर, लोधीखेड्यावरून नागपूरला भिडली. कापूस-संत्र्यांची निर्यात आणि घाटावरची माणसे यांची सोय झाली. ‘छोटी गाडी’ हा आपल्या भागात आजही जिव्हाळ्याचा शब्द आहे.

या कोळशाची किंमत पैशांत मोजून पुरी होत नाही. १० डिसेंबर १९५४ रोजी परासियाजवळच्या न्यूटन चिखली खाणीत पाणी शिरून साठाहून अधिक कामगार बुडून मेले. धुराच्या टनांचे तक्ते पुष्कळ निघतात; अशा माणसांची खतावणी त्यांत कोठेच नसते. १९७३ साली कोळसा उद्योगाचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि १९७५ साली नागपूर हे मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स कंपनी अस्तित्वात आली. पेंच व कन्हान ही तिचीच क्षेत्रे. बैतूल जिल्ह्यात सारणीचे औष्णिक वीजकेंद्र १९६७ पासून आणि नागपूरजवळ कोराडीचे १९७४ पासून वीज देऊ लागले. आपल्या शेतकऱ्याच्या विहिरीवर जो पंप बसला, त्यामागे ही धुराडी होती. संत्र्याच्या बागांचा विस्तार विजेच्या पंपावाचून झाला नसता, हे मान्य केल्याशिवाय कोळशाला दूषण देणे अप्रामाणिकपणाचे होईल.

आता जरा मागे जाऊन १८९६ या वर्षाकडे पाहू. त्या वर्षी स्वीडनमध्ये स्वांते अऱ्हेनियस या रसायनशास्त्रज्ञाने हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढल्यास पृथ्वीचे तापमान किती वाढेल, याचे गणित कागदावर मांडून प्रसिद्ध केले. पुढे लिहिलेल्या एका पुस्तकात त्याने या उबेचे स्वागतच केले. थंड प्रदेशांना बरे दिवस येतील, धान्य अधिक पिकेल, असा त्याचा कयास होता. स्टॉकहोमच्या हिवाळ्यात बसलेल्या माणसाला तसे वाटणे स्वाभाविक म्हणावे. परंतु त्याच १८९६-९७ मध्ये आपल्या मध्यप्रांतात पाऊस फसून दुष्काळ पडला होता, आणि लोक खडी फोडण्याच्या सरकारी कामांवर जात होते. १८९९-१९०० मध्ये तो पुन्हा आला. संवत १९५६ चा म्हणून तो ‘छप्पन्नाचा दुष्काळ’. हे दुष्काळ हरितगृह वायूंमुळे पडले असे कोणी म्हणत नाही. परंतु पाऊस बिघडला तर कोण मरतो, याचा नमुना तेव्हाच पाहावयास मिळाला होता.

१९५८ साली हवाई बेटांवरील मौना लोआ येथे चार्ल्स कीलिंग यांनी हवेतील कार्बन डायऑक्साइडची मोजणी सुरू केली. तेव्हा दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग भरले. आज हा आकडा ४२० च्या वर आहे. १९७२ साली स्टॉकहोमच्या परिषदेत इंदिरा गांधींनी दारिद्र्य आणि पर्यावरण यांची सांगड घालून दाखविली, त्या भाषणाचे दाखले अजून दिले जातात. पण श्रीमंत-गरीब हा वाद खऱ्या अर्थाने भडकला तो १९९०-९१ मध्ये, आणि त्यातील भारताची बाजू आपल्याच दोन अभ्यासकांनी मांडली.

अमेरिकेतील वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या संस्थेने १९९० मध्ये एक अहवाल काढून हरितगृह वायू सोडणाऱ्या पहिल्या पाच देशांत भारत, चीन व ब्राझील यांची नावे घातली. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेचे अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ साली एक पुस्तिका लिहून याचा समाचार घेतला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : हवा आणि समुद्र मिळून काही प्रमाणात हे वायू पचवितात, ही पचनशक्ती सर्व मानवजातीची सामाईक मालमत्ता असून तिच्यावर माणशी सारखा हक्क आहे. ती देशवार वाटताना श्रीमंतांना झुकते माप देणे हा पर्यावरणाच्या नावाने चाललेला वसाहतवादच होय. शिवाय गरीब शेतकऱ्याच्या धानाच्या बांधीतून किंवा गायीबैलांच्या रवंथातून निघणारा मिथेन आणि मोटारींच्या धुराड्यातून निघणारा वायू एकाच तागडीत कसे तोलावयाचे? एक जगण्यासाठीचा, दुसरा चैनीचा. पोळ्याला बैलांची पूजा करणाऱ्या आणि दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याच्या गोटमारीला जाणाऱ्या आपल्या माणसास हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

१९९२ च्या रिओ करारात ‘समान परंतु भिन्न जबाबदाऱ्या’ हे तत्त्व आले. १९९७ च्या क्योटो करारात केवळ औद्योगिक देशांवर कपातीचे बंधन घातले गेले. पण त्यापूर्वीच, जुलै १९९७ मध्ये, अमेरिकेच्या सिनेटने ९५ विरुद्ध शून्य मतांनी ठराव केला होता की विकसनशील देशांवर बंधन नसेल तर असा करार नको. २००१ मध्ये अमेरिकेने क्योटोतून अंग काढून घेतले. २०१५ च्या पॅरिस करारात प्रत्येक देशाने आपली कपात आपणच ठरवावी असे झाले. तेथूनही अमेरिका एकदा बाहेर पडून २०२१ मध्ये परतली, आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश निघाला. २००९ साली कोपनहेगनमध्ये कबूल केलेली वर्षाला शंभर अब्ज डॉलरांची मदत ठरल्याप्रमाणे २०२० पर्यंत जमलीच नाही. ती दोन वर्षे उशिरा पुरी झाल्याचे सांगण्यात आले, आणि त्यातही कर्जाचा भाग मोठा.

आकड्यांकडे पाहू. औद्योगिक युगाच्या आरंभापासून इंधने जाळून जो कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, त्यात अमेरिकेचा वाटा सुमारे २४ टक्के आहे. भारताचा साडेतीन टक्क्यांच्या आसपास. माणशी वर्षाला अमेरिकेत सुमारे १४ टन, चीनमध्ये ८ टनांहून अधिक, भारतात सुमारे २ टन. जगाची सरासरी पावणेपाच टनांजवळ. २०२३ मध्ये ब्रिटनच्या कार्बन ब्रीफ या संस्थेने वसाहतींच्या काळातील धूर व जंगलतोड राज्यकर्त्या देशाच्या नावे लिहून पाहिली, तेव्हा ब्रिटनचा ऐतिहासिक वाटा सुमारे ३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर गेला आणि भारताचा कमी झाला. सातपुड्याच्या स्लीपरांचा आणि रेल्वेच्या कोळशाचा प्रश्न आपण वर उपस्थित केला, त्याला निदान कागदावर तरी उत्तर मिळाले.

येथवरचा युक्तिवाद प्रस्तुत लेखकास सर्वस्वी मान्य आहे. तरीही त्यात एक पळवाट आहे, आणि ती आपल्यासारख्यांच्या सोयीची आहे. दोन टन ही सरासरी आहे. मोहगावच्या शेतमजुराच्या चुलीचा धूर आणि नागपूर-पुण्यातील वातानुकूलित सदनिकेचा धूर एकत्र करून ती काढलेली असते. मजुराच्या नावाने आंतरराष्ट्रीय परिषदेत जो हक्क मागितला जातो, तो घरी आल्यावर आपण उपभोगतो. आपली मुले शिकून शहरांत आणि परदेशांत गेली, हे चांगलेच झाले. परंतु त्यांचा वर्षाचा हिशेब आज मोहगावपेक्षा मँचेस्टरच्या अधिक जवळ आहे. अगरवाल-नारायण यांनी केलेला जगण्याच्या आणि चैनीच्या धुराचा भेद देशांच्या सीमेवर थांबत नाही. तो आपल्या वाड्याच्या दिंडीदरवाजातून आत येतो.

२०२१ मध्ये ग्लासगो येथे कोळसा ‘बंद करणे’ या शब्दांऐवजी ‘कमी करत नेणे’ हे शब्द भारताच्या आग्रहाने ठरावात आले आणि परदेशी वृत्तपत्रांनी भारतावर टीकेची झोड उठविली. ब्रिटनने आपले शेवटचे कोळसा-वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद केले, त्याचे कौतुकही झाले. ज्या देशाने १८८२ साली लंडनमध्ये कोळशावरील पहिले सार्वजनिक वीजकेंद्र उभारले, त्याला तेथवर पोचण्यास १४२ वर्षे लागली, याचा उल्लेख त्या कौतुकात क्वचितच आढळतो. पण परासियाकडे पाहिले तर निराळेच चित्र दिसते. पेंच-कन्हानमधील अनेक जुन्या भूमिगत खाणी कोणत्याही जागतिक ठरावाविनाच बंद पडल्या आहेत. कोळसा संपला किंवा परवडेनासा झाला म्हणून. त्या वस्त्यांमधील माणसांनी पुढे काय करावे, याचा ठराव ग्लासगोला झाला नाही आणि भोपाळ-दिल्लीलाही पुरेसा झालेला दिसत नाही.

घाटाखाली संत्रा-बागायतदाराची चिंता वेगळी. आंबिया बहरासाठी डिसेंबर-जानेवारीत झाडाला ताण द्यावयाचा, त्याच वेळी अवकाळी पाऊस येऊन ताण मोडतो. मृगाचा बहर धरावा तर पावसाचा भरवसा नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्र आणि मध्यप्रदेशात झालेली गारपीट बागायतदार विसरलेले नाहीत. एखादी गारपीट तापमानवाढीमुळेच झाली असे ठामपणे सांगता येत नाही. परंतु अशा अवकाळाचा धोका वाढत असल्याचे हवामानशास्त्र सांगते. नुकसानीची भरपाई मिळावी म्हणून २०२२ साली शर्म-अल-शेख येथे एक जागतिक निधी मान्य झाला. त्यातील रुपया सौंसरच्या बांधावर केव्हा येईल, हे तलाठ्याला विचारण्यात अर्थ नाही.

छोटी गाडी २०१५ च्या अखेरीस थांबली. तिच्या जागी मोठा मार्ग झाला आणि आता त्यावर विजेची तार आहे. सौंसरच्या फलाटावर इंजिनाचा धूर दिसत नाही. भारतातील सुमारे तीन-चतुर्थांश वीज अद्याप कोळशापासूनच होते, तेव्हा त्या तारेतील बहुतेक प्रवाहाचा धूर कोणत्या ना कोणत्या औष्णिक केंद्राच्या धुराड्यातून निघत असतो, आणि या खेपेस तो ज्या खात्यात लिहिला जातो त्याच्या मालकीविषयी कोणताही वाद नाही.